‘देवीचा रोगी कळवा, हजार रुपये मिळवा’ : भिंतीवरच्या एका ओळीमागचा इतिहास

नौपाडेकर

ठाण्यात वाढणाऱ्या मुलाला ‘कळवा’ हे आधी पुढचे स्टेशन म्हणून ठाऊक होते. ते क्रियापदही आहे हे बरेच नंतर समजते. १९७६ च्या सुमारास, मी आठ वर्षांचा असताना, आमच्या शाळेच्या वाटेवरील एका भिंतीवर गेरूने मोठ्या अक्षरांत लिहिलेले असे : ‘देवीचा रोगी कळवा, हजार रुपये मिळवा’. देवीचे रोगी कळव्याला ठेवतात आणि तिथे जाणाऱ्यास हजार रुपये देतात, असा मी त्याचा अर्थ लावला होता. मग आपण रविवारी कळव्याला का जात नाही, असे मी वडिलांना विचारलेही. त्यांचा पगार तेव्हा हजाराच्या आत होता. ते हसले खरे, पण प्रश्न त्यांना अगदीच गैरवाजवी वाटला नसावा.

पुढे या विषयावर वाचन करताना एक तारीख समोर आली आणि ती ओळ मला निराळीच दिसू लागली. भारतातील देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मधला आहे. सिल्हेटकडून आलेली सायबान बीबी नावाची एक निराधार स्त्री आसामातील करीमगंज स्थानकावर सापडली. तिच्यानंतर या देशात एकही रुग्ण आढळला नाही. म्हणजे मी ती भिंत वाचत होतो तेव्हा कळवण्यासारखा रोगी देशभरात कुठेही नव्हता, आणि त्या काळात रंगवलेल्या भिंतींवरचे हजार रुपये कोणालाच मिळाले नसणार. बक्षीस आधी पन्नास रुपये होते, मग शंभर झाले, आणि रोग जसजसा दुर्मीळ होत गेला तसतसे वाढत हजारांवर गेले. सरकारने जाहीर केलेली आणि कधीही द्यावी लागू नये अशी सरकारचीच मनापासून इच्छा असलेली रक्कम मला तरी दुसरी आठवत नाही.

या उलट्या हिशेबामागे एक नियम होता. शेवटचा रुग्ण सापडल्यानंतर किमान दोन वर्षे कसून शोध घेऊनही काही आढळले नाही, तरच तो प्रदेश देवीमुक्त मानावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने ठरवले होते. रुग्णाची नोंद नसणे आणि रुग्ण नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना आपल्याच देशात फार कडू अनुभवाने समजले होते. १९६२ मध्ये राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला तेव्हा तीन वर्षांत ऐंशी टक्के लोकसंख्येला लस टोचायची, म्हणजे साखळी आपोआप तुटेल, असा विचार होता. आकडे भराभर वाढले. परंतु टोचणाऱ्याला दिवसाचा आकडा भरायचा असतो, आणि शाळेत रांगेने उभी असलेली मुले हा त्यासाठी सर्वांत सोपा मार्ग. त्याच मुलांना पुन्हा पुन्हा टोचले गेले. वीटभट्टीवरचे, खाणीवरचे, पुलाखाली राहणारे तसेच राहिले, आणि रोग नेमका त्यांच्यातूनच फिरत राहिला. १९७३ च्या शरद ऋतूत उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये घरोघर शोध घेतला गेला, तेव्हा कागदावर होते त्याच्या कितीतरी पट, हजारोंच्या संख्येने, रुग्ण बाहेर आले. जिल्ह्यांकडून येणारे शून्याचे अहवाल खोटे होते. खालचा माणूस वाईट बातमी वर पाठवत नाही, कारण ती पाठवल्याबद्दल त्यालाच बोलणी बसतात.

माझ्या मते या मोहिमेतील खरी कलाटणी तिथे आहे, लशीत नाही. हिशेब टोचलेल्या दंडांचा ठेवायचा की सापडलेल्या रुग्णांचा, हा तो प्रश्न होता. तो बदलल्यावर लाखाहून अधिक कर्मचारी आठवडाभरात देशातील सुमारे दहा कोटी घरांच्या दारांत उभे राहू लागले. हातात देवी आलेल्या बाळाचे चित्र असलेले एक कार्ड आणि तोंडी एकच प्रश्न : असे कुणी पाहिले आहे का? त्यांच्या मागून दुसरे पथक काही घरे निवडून पुन्हा विचारत जाई की पहिले पथक खरोखर आले होते का.

आपल्यापैकी कुणाच्या घरी, गावी, या मोहिमेची काही आठवण आहे का? ठाणे जिल्ह्यातील असल्यास विशेष आनंद होईल.


खाडीपलीकडचा

लेख आवडला. आमच्या ऐरोलीला तेव्हा मिठागरे आणि भातशेती होती. भिंतीच कमी, त्यामुळे लिहिणार कुठे, असा प्रश्न पडला असेल. आजीच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते, आणि तिच्या दोन भावंडांना देवींनी नेले असे ती सांगत असे. ‘नेले’ हाच शब्द, तक्रारीचा सूर नाही.

एक शंका मात्र आहे. जेन्नरने लस शोधली १७९६ मध्ये. इतकी परिणामकारक लस हातात असताना पावणेदोनशे वर्षे का लागली? आणि तुम्ही लशीचे श्रेय जरा जास्तच कमी करता आहात असे वाटते.


वाशीची सूक्ष्मदर्शी

खाडीपलीकडचा यांच्या दुसऱ्या मुद्द्याशी मी सहमत आहे. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत असे, त्यामुळे नौपाडेकरांचे ‘लशीत नाही’ हे वाक्य मला थोडे खटकले. जेन्नरची लस आणि १९७० च्या दशकातील लस यांत नाव तेवढे समान होते.

जेन्नरच्या काळी लस फार दिवस साठवता येत नसे. ज्याला टोचले त्याच्या दंडावर आठवड्याने फोड आला की त्यातील द्रव दुसऱ्याच्या दंडात, तिथून तिसऱ्याच्या, अशी ती माणसांतून चालवावी लागे. १८०३ मध्ये स्पेनच्या राजाने आपल्या अमेरिकेतील वसाहतींना लस पाठवली ती जहाजावर चढवलेल्या २२ अनाथ मुलांच्या दंडांवरून. प्रवासात ठरावीक दिवसांनी दोन-दोन मुलांना टोचत गेले, म्हणजे पलीकडच्या किनाऱ्यावर पोहोचेपर्यंत एक तरी फोड ताजा राहील. पुढे वासरांच्या कातडीवर लस वाढवू लागले, पण उन्हात ती लवकर मरे. आपल्याकडे बर्फाशिवाय आडगावी नेलेली लस कित्येकदा नुसते पाणी टोचल्यासारखी असे. आकडा भरे, संरक्षण मिळत नसे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या लिस्टर संस्थेत लेस्ली कॉलियर यांनी ती गोठवून सुकवण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरण्याजोगी केली, आणि मग ३७ अंशांच्या उष्णतेतही महिनाभर टिकणारी कोरडी लस मिळाली. भारतात ती तयार करणाऱ्या चार संस्थांपैकी एक आपल्या बेळगावात होती, हे मराठी वाचकांना सहसा ठाऊक नसते.

दुसरी गोष्ट सुईची. पूर्वी आपल्याकडे दातेरी चकतीसारखे एक उपकरण दंडावर दाबून फिरवत असत. जखम मोठी होई, मूल किंचाळे, आणि शेजारच्या घरातील आई आपले मूल लपवी. अमेरिकेतील बेंजामिन रुबिन यांनी १९६० च्या दशकात दोन टोकांची सुई काढली. शिवणाच्या सुईचे नेढे घासून उघडे केले तर जसे दिसेल तशी ती असते. दोन टोकांच्या मध्ये लशीचा एक थेंब धरला जातो आणि एकाच जागी पंधरा वेळा हलके टोचायचे, एवढेच काम. पूर्वीच्या चौथाई लशीत तेच होऊ लागले, सुई उकळून पुन्हा वापरता येई, आणि फारसे न शिकलेल्या माणसालाही दहा-पंधरा मिनिटांत ती वापरणे शिकवता येई.

आता शोधपद्धतीबद्दल. ती देवीच्याच बाबतीत यशस्वी झाली, याचे कारण त्या विषाणूत आहे. देवी फक्त माणसाला होत. प्राण्यांत लपून बसण्याची सोय त्या विषाणूला नव्हती. पुरळ इतके स्पष्ट की मूलही ओळखेल. बहुतेक रुग्ण अंगावर पुरळ येण्याच्या सुमारासच संसर्ग देऊ लागत आणि तेव्हा ते अंथरुणाला खिळलेले असत. संसर्गानंतर लक्षणे दिसायला साधारण बारा दिवस लागत, आणि पहिल्या तीन-चार दिवसांत टोचल्यास बहुधा बचाव होई. म्हणजे रोग्याच्या घराभोवतीच्या सर्वांना टोचून कडे करायला पुरेसा वेळ होता. पोलिओत हे शक्य नव्हते. संसर्ग झालेल्या शंभरांतील एखाद्याही मुलाला पक्षाघात होत नाही, बाकीची हिंडती फिरती मुले विषाणू पसरवत राहतात. म्हणून तिथे ‘रोगी कळवा’ पुरले नाही. प्रत्येक मुलाला पुन्हा पुन्हा डोस द्यावे लागले, आणि भारतातील शेवटचा पोलिओ रुग्ण हावड्यात सापडायला १३ जानेवारी २०११ उजाडला.


नौपाडेकर

वाशीची सूक्ष्मदर्शी यांचा आक्षेप मान्य आहे. ‘केवळ लशीत नाही’ असे लिहायला हवे होते. कडे करण्याच्या पद्धतीचा जन्मही टंचाईतून झाला, हे त्या ओघात नोंदवतो. डिसेंबर १९६६ मध्ये पूर्व नायजेरियात विल्यम फेगी या अमेरिकी डॉक्टरच्या हाती सर्वांना पुरेल इतकी लसच नव्हती. त्याने मिशनऱ्यांच्या बिनतारी संचांवरून रोज संध्याकाळी कोणत्या गावात रुग्ण आहे ते विचारून घेतले आणि लस फक्त तिथे व लगतच्या बाजारगावांत वापरली. निम्म्याहून कमी लोकांना टोचून साथ विझली. लस मुबलक असती तर कदाचित हे कुणी करून पाहिलेच नसते.


कोपरीचा कारकून

चर्चा विज्ञानाकडे झुकली आहे, म्हणून राजकारणाची बाजू मांडतो. ती मला अधिक विलक्षण वाटते.

१९५८ मध्ये जागतिक आरोग्य परिषद अमेरिकेतील मिनिआपोलिस येथे भरली होती. काही वर्षांच्या बहिष्कारानंतर सोव्हिएत संघ नुकताच तिथे परतला होता. त्यांचे उपआरोग्यमंत्री व्हिक्टर झ्दानोव्ह यांनी देवी संपूर्ण जगातून नाहीशा करण्याचा प्रस्ताव मांडला आणि भाषणात आधार घेतला तो अमेरिकेचे एकेकाळचे अध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी जेन्नरला लिहिलेल्या पत्राचा. यजमानाच्या घरात यजमानाच्याच आजोबांचे वचन ऐकवण्याची ही मुत्सद्देगिरी होती. त्यासोबत अडीच कोटी मात्रा लस देण्याची तयारीही होती. अमेरिकेचे लक्ष त्या वेळी हिवतापावर होते. डीडीटी फवारून डासांसकट तो संपवण्याची मोहीम १९५५ मध्ये सुरू झाली होती आणि पैसा तिकडे जात होता. ती मोहीम फसली, आणि ‘निर्मूलन’ या शब्दाचीच पत गेली.

रशियाच्या आग्रहामागे स्वार्थ नव्हता असे नाही. त्यांनी आपल्या देशातून देवी १९३० च्या दशकातच घालवल्या होत्या, पण शेजारी देशांतून त्या येत राहत. डिसेंबर १९५९ मध्ये भारतभेटीहून परतलेल्या एका चित्रकाराने मॉस्कोत देवी नेल्या आणि त्या अवाढव्य शहराला घाईघाईने लस टोचावी लागली. अमेरिकेचेही तेच, रोग घरात नसताना दरवर्षी लाखो मुलांना टोचण्याचा खर्च चालूच होता. श्रीमंताच्या दाराला कुलूप आहे, पण पहारेकऱ्याचा पगार द्यावाच लागतो, अशी ती स्थिती होती.

१९६६ मध्ये तीव्र मोहिमेसाठी वर्षाला सुमारे २४ लाख डॉलरचा निधी मंजूर झाला तो अवघ्या दोन मतांच्या फरकाने. संघटनेचे ब्राझिली महासंचालक मार्सेलिनो कँदाउ यांना हे काम अशक्य वाटत होते. प्रमुख अमेरिकी असावा, म्हणजे अपयशाचे खापर अमेरिकेवर फुटेल, असा त्यांचा विचार होता, असे ज्यांची नेमणूक झाली त्या डॉ. डोनाल्ड हेंडरसन यांनीच पुढे सांगितले आहे. १९६७ मध्ये जगात वर्षाला एक ते दीड कोटी लोकांना देवी येत होत्या आणि सुमारे वीस लाख माणसे मरत होती. व्हिएतनामचे युद्ध, प्रागवरील सोव्हिएत आक्रमण, क्षेपणास्त्रे हे सगळे चालू असताना अमेरिकी डॉक्टर रशियाने पाठवलेल्या लशीचे खोके उघडून आपल्या सुया त्यात बुडवत होते.

नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच सोव्हिएत संघाचे लष्कर त्याच वर्षांत देवीचा विषाणू शस्त्र म्हणून वाढवत होते. १९७१ मध्ये अरल समुद्राकाठच्या अराल्स्क गावात दहा जणांना देवी आल्या आणि तिघे मेले. जवळच्या बेटावरील चाचण्यांशी त्याचा संबंध असल्याचा संशय आहे, आणि सरकारने ती साथ वर्षानुवर्षे दडवली. ‘रोगी कळवा’ असे जगाला सांगणाऱ्यांनी स्वतःचे दहा रोगी कळवले नव्हते.


कळवेकर

नावामुळे मला इथे लिहिणे भाग आहे. नौपाडेकर, हजार रुपये आमच्याकडे कधीच नव्हते, गैरसमज नसावा.

एक प्रश्न. हे सगळे आणीबाणीत झाले ना? माझ्या आठवणीत टोचणारे, पोलीस आणि नसबंदी ही एकाच वेळची भीती आहे. मोहिमेच्या यशात त्या जबरदस्तीचा वाटा किती, हे कुणी सांगेल का?


बेलापूर पट्टी

कळवेकर, दोन गोष्टी तुमच्या आठवणीत एकत्र झाल्या आहेत, आणि ते स्वाभाविक आहे. आणीबाणी २५ जून १९७५ ला लागली. देवीचा शेवटचा रुग्ण त्याच्या महिनाभर आधीचा. पुढचा दोन वर्षांचा शोध मात्र आणीबाणीत झाला, आणि लोक आरोग्य कर्मचाऱ्याला पाहून दार लावून घेऊ लागले ते नसबंदीच्या भीतीने. माझी आई त्या काळात बेलापूर पट्टीत आरोग्य सेविका होती. घणसोली, तुर्भे, कोपरखैरणे ही तेव्हा आगरी-कोळ्यांची गावे. नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन होऊन पाचच वर्षे झालेली, जमिनींच्या नोटिसा नुकत्याच येत होत्या. आई सांगे, दारात उभे राहिले की पहिला प्रश्न यायचा, ‘जमिनीचे आहे का?’ मग दुसरा, ‘ऑपरेशनचे आहे का?’ देवीचे आहे म्हटल्यावर पाणी मिळायचे.

तिला सर्वांत जास्त फिरावे लागे ते दगडखाणींवर. गावातील माणूस निदान ओळखीचा असतो. खाणीवरचा मजूर आज इथे, महिन्याने भलतीकडे, आणि त्याच्या झोपडीला घरक्रमांकही नसे. तिच्या बॅगेत ते चित्राचे कार्ड असे. लहान मुलांना ते दाखवले की खरी माहिती मिळते, मोठी माणसे लपवतात, हे तिचे मत. जितके कळवले गेले ते सगळे कांजिण्यांचे निघाले, एकदा गोवर आणि एकदा नुसती खरूज. पण प्रत्येक वेळी जाऊन बघावेच लागे. एका गृहस्थांनी, मुलाच्या अंगावर फोड आहेत आणि हजार रुपये मुलीच्या लग्नाला हवेत, अशी विनंती थेट आईला केली होती. तिने कांजिण्या आहेत असे सांगितल्यावर ते नाराज झाले, मग लगेच देवाला हात जोडले.

जबरदस्तीबद्दल मात्र मला गोड बोलायचे नाही. ती आणीबाणीच्या आधी, १९७४ च्या बिहारमध्ये झाली. त्या वर्षी जानेवारी ते मे एवढ्या काळात देशात पंधरा हजारांहून अधिक माणसे देवीने मेली. मे महिन्यात जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखालील रेल्वे संप चालू होता, पेट्रोलची टंचाई होती, आणि १८ मे रोजी पोखरणचा स्फोट झाला. अणुस्फोटाच्या बातमीसाठी आलेल्या परदेशी वार्ताहरांनी ही साथही पाहिली आणि जगभर छापली. सरकारची मान खाली गेली, दडपण वाढले. त्या दडपणाखाली काही पथकांनी नकार देणाऱ्यांची दारे रात्री फोडली, माणसांना धरून ठेवून टोचले. मोहिमेतील अमेरिकी डॉक्टरांनी स्वतःच हे लिहून ठेवले आहे, आणि एका आदिवासी कुटुंबाच्या तशा रात्रीचे वर्णन वाचताना आजही लाज वाटते. त्या घरातील पुरुषाने, झटापट संपल्यावर, आता तुम्ही माझ्या घरी आलेले पाहुणे आहात म्हणून परसातील काकडी तोडून त्यांना दिली.

मला वाटते, जबरदस्तीमुळे मोहीम यशस्वी झाली हे म्हणणे चूक आहे. दार फोडलेल्या गावात पुढच्या वेळी कोण कळवणार? पण जबरदस्ती झालीच नाही हे म्हणणेही तितकेच चूक.


खाडीपलीकडचा

बेलापूर पट्टी, तुमच्या आईंबद्दल अधिक लिहा, ही विनंती. आमच्या आजीचे लोक लस का टाळत, याचे तिने दिलेले कारण वेगळे होते. देवी ‘येतात’, म्हणजे पाहुण्या येतात. त्यांना टोचून अडवणे म्हणजे दारातून हाकलणे. कडुनिंबाचा पाला, दारावर डहाळी, घरात फोडणी नाही, आणि मग गोडाधोडाने बोळवण. यात अंधश्रद्धा आहेच, पण घर बंद ठेवणे आणि बाहेरच्याला आत न घेणे हे विलगीकरणही आहे.


वाशीची सूक्ष्मदर्शी

खाडीपलीकडचा यांच्या निरीक्षणात तथ्य आहे, पण ते फार ताणू नये. शेजारणी दर्शनालाही येत असत, आणि खपल्यांतही विषाणू असतो.

लशीला होणाऱ्या विरोधाचे मूळ सगळे देवीभक्तीत नव्हते. भारतातील पहिली लस आपल्या मुंबईत टोचली गेली, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. बगदाद आणि बसऱ्याहून दंडादंडांवरून आलेली ती लस तिच्या दंडावर धरली, आणि तिच्या फोडातील द्रवावरून पुढे पुणे, सुरत, मद्रास अशी देशभर गेली. जरा विचार करा : एका अनोळखी मुलाच्या फोडातील द्रव आपल्या मुलाच्या रक्तात घालायचा. जातीचा प्रश्न तर होताच, पण आजच्या सुशिक्षित माणसानेही ते नाकारले असते, आणि या पद्धतीने उपदंशासारखे रोग पसरल्याच्या घटना युरोपात घडल्याही. पुढे वासराची लस आली, तेव्हा गाईचा प्रश्न निघाला. गांधीजींचाही देवीच्या लशीला विरोध होता. इंग्लंडमध्ये सक्तीच्या लशीविरुद्ध मोर्चे निघत होते, त्यांच्याकडे देवीचे देऊळ नव्हते.


कोपरीचा कारकून

शेवटच्या रुग्णांबद्दल कुणी लिहिले नाही. बांगलादेशातील भोला बेटावरील रहिमा बानू ही देवीच्या जीवघेण्या प्रकाराची जगातील शेवटची रुग्ण, ऑक्टोबर १९७५ मधली. तिची खबर दिली ती गावातीलच आठ वर्षांच्या मुलीने, आणि तिला २५० टाका बक्षीस मिळाले.


नौपाडेकर

आठ वर्षांची! म्हणजे मी कळव्याच्या गाडीचा विचार करत होतो, त्याच वयाची.

रहिमा बानूनंतर सौम्य प्रकार तेवढा आफ्रिकेत उरला. ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियातील मर्का येथील रुग्णालयात स्वयंपाकी असलेला अली माओ मालिन देवीच्या दोन आजारी मुलांना विलगीकरण छावणीचा रस्ता दाखवण्यासाठी त्यांच्या गाडीत बसला. काही मिनिटांचाच प्रवास होता. रुग्णालयात काम करूनही त्याने लस नीट घेतलेली नव्हती. टोचले की दुखते म्हणून टाळली, असे त्याने पुढे सांगितले. आधी हिवताप, मग कांजिण्या असे निदान झाले. शेवटी एका सहकाऱ्याने कळवले, कारण स्वतः मालिनने छावणीत जावे लागेल या भीतीने गप्प राहणे पसंत केले होते. तो बरा झाला, आणि नंतर पोलिओ मोहिमेत गावोगाव फिरून, मी लस टाळली आणि काय झाले ते पाहा, असे लोकांना सांगत राहिला. २०१३ मध्ये, त्याच कामावर असताना, तो हिवतापाने वारला. जो रोग संपवण्यासाठी आधी एवढा पैसा ओतला गेला होता, त्याच रोगाने.

मालिन हा निसर्गतः देवी आलेला शेवटचा माणूस. पण त्यानंतरही एक मृत्यू झाला, तो प्रयोगशाळेमुळे. १९७८ मध्ये बर्मिंगहॅमच्या वैद्यकीय विद्यालयात छायाचित्रकार असलेल्या जॅनेट पार्कर यांना खालच्या मजल्यावरील प्रयोगशाळेतून संसर्ग झाला. तो नेमका कोणत्या वाटेने पोहोचला यावर वाद झाले. त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख प्राध्यापकांनी आत्महत्या केली. ८ मे १९८० रोजी जग देवीमुक्त झाल्याची घोषणा झाली. मोहिमेचा १९६७ पासूनचा सगळा खर्च सुमारे तीस कोटी डॉलर.


कळवेकर

म्हणजे आता विषाणू कुठेच नाही?


वाशीची सूक्ष्मदर्शी

दोन ठिकाणी अधिकृतपणे आहे : अमेरिकेत अटलांटाला आणि रशियात सायबेरियातील कोल्त्सोवो येथे. नष्ट करण्याची तारीख अनेकदा ठरली आणि अनेकदा पुढे ढकलली गेली. दोन्ही देशांचे म्हणणे एकच, संशोधनासाठी हवा. २०१४ मध्ये वॉशिंग्टनजवळील एका सरकारी संस्थेच्या शीतगृहात १९५० च्या दशकातील सहा कुप्या कुणाच्याही नोंदीत नसताना सापडल्या. त्यामुळे ‘फक्त दोन ठिकाणी’ या वाक्यावर मी वर्गात नेहमी ‘नोंदीनुसार’ असे जोडत असे.


बेलापूर पट्टी

आईला आज हा धागा वाचून दाखवला. ती ८१ वर्षांची आहे. तिचे दोन मुद्दे लिहून ठेवते. पहिला, फिरकीच्या जुन्या उपकरणाने पडलेला व्रण रुपयाएवढा आणि आत खळग्या-खळग्यांचा असतो, बीसीजीचा, म्हणजे क्षयाच्या लशीचा, लहान आणि बऱ्याचदा किंचित उंचावलेला. लोक हल्ली दोन्हींना देवीच म्हणतात, ते चूक आहे. दुसरा, नौपाडेकरांसाठी. कळव्याच्या बाजूलाही त्या भिंतीसारखीच एक भिंत होती, आणि ती रंगवून घेण्यासाठी ती स्वतः डबा धरून उभी होती. रंगाऱ्याने ‘रोगी’ऐवजी ‘रोटी’ लिहिले होते, ते तिने पुसून पुन्हा लिहायला लावले.